मदत हवी आहे: अ‍ॅक्टिव्हिटी थिअरीत ऑब्जेक्ट नक्की कशाला म्हणायचं?

शोधयात्री: प्रबंधाचं चौथं प्रकरण अडकलंय. या थिअरीतला एंगेस्ट्रॉमचा त्रिकोण (काम कोण, कशावर, कोणत्या साधनांनी, कोणत्या नियमांत, कोणासोबत आणि कशी वाटणी करून करतं, ते दाखवणारी आकृती) काढला, सहाही जागा भरल्या, ऑब्जेक्टच्या जागी 'रुग्णसुरक्षा' लिहिलं. गाईड म्हणतात, हा ऑब्जेक्टच नव्हे. मग काय लिहू? शुक्रवारी द्यायचंय.

अनुबंध: त्रिकोण कोणाचा? सब्जेक्ट, म्हणजे काम करणारं, कोण? डेटा कसला?

शोधयात्री: नर्सेस. पाळी बदलताना त्या एकमेकींना रुग्णांची माहिती देतात, त्याची रेकॉर्डिंग आहेत.

अनुबंध: मग गाईडचं बरोबर आहे. सुरक्षा हा आउटकम, म्हणजे कामातून शेवटी मिळणारं फळ. ज्यावर काम चालतं आणि जे काम होता होता बदलतं, तो ऑब्जेक्ट. इथे रुग्णाची स्थिती: आजार, चालू औषधं, पुढच्या पाळीत काय बिघडू शकतं. एंगेस्ट्रॉमच्या १९८७च्या आकृतीत आउटकमचा बाण ऑब्जेक्टमधून बाहेर निघतो, तो उगाच नाही.

हाकारा: त्याआधी पाळीबदल ही अ‍ॅक्टिव्हिटी आहे का, ते ठरवा. या थिअरीचा पाया घालणाऱ्या लेओन्तियेवच्या मांडणीत अ‍ॅक्टिव्हिटीला मोटिव्ह (मूळ प्रेरणा) असतो, अ‍ॅक्शनला गोल (जवळचं उद्दिष्ट), ऑपरेशनला परिस्थिती. त्याचंच उदाहरण घ्या: शिकारीत हाकारे जनावराला स्वतःपासून दूर पळवतात. तेवढंच पाहिलं तर अर्थ लागत नाही, सगळी शिकार पाहिली की लागतो. पाळीबदल ही अ‍ॅक्शन आहे. त्रिकोण शुश्रूषेचा काढा. आणि ऑब्जेक्ट हाच खरा मोटिव्ह, हे विसरू नका.

अनुबंध: इथेच घोळ होतो. एकीला माहिती नीट पोचवायचीय, दुसरीला आपल्यावर ठपका नकोय. मोटिव्ह दोन, रुग्ण एकच. याच थिअरीचा अभ्यासक काप्टेलिनिन याने २००५मध्ये ऑब्जेक्ट आणि मोटिव्ह वेगळे धरायला सांगितलं, ते अशाच ठिकाणी कामी येतं.

हाकारा: पण मोटिव्ह बाजूला काढला की ऑब्जेक्ट म्हणजे टेबलावरची वस्तू होऊन बसते!

 

अनुबंध:  शोधयात्री, रेकॉर्डिंगमधलं एखादं वाक्य टाका.

शोधयात्री: "ताप उतरलाय, पण आज ते जरा वेगळेच वाटतायत. फॉर्मात कुठे लिहू?"

अनुबंध: हेच हवं होतं! फॉर्म हे साधन, त्यात तापाला रकाना आहे, 'वेगळेच वाटतायत'ला नाही. साधन आणि ऑब्जेक्ट यांच्यातला अंतर्विरोध, म्हणजे काम अडवणारी ओढाताण, तुमच्या हातात आलाय. आता सगळ्या रेकॉर्डिंगमधली 'पण', 'तरी', 'करायचं काय' असलेली वाक्यं वेगळी काढा. 'पण' आलं की अंतर्विरोध सापडला असं नाही, तो फक्त माग असतो. प्रत्येक वाक्याला विचारा: इथे काय बदलायचा प्रयत्न चाललाय, आणि कशामुळे अडतंय? वारंवार येणारं उत्तर ऑब्जेक्टच्या जागी लिहा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत.

शोधयात्री: डॉक्टर त्याच रुग्णाकडे फक्त निदान म्हणून बघत असतील तर?

हाकारा: मग दोन त्रिकोण काढा, दोन्ही ऑब्जेक्ट वेगळे लिहा. मधला सामायिक ऑब्जेक्ट डेटात दिसला तरच दाखवा, गृहीत धरू नका.