ज्येष्ठमधाच्या गोळ्या आणि खास मिठायांचे दुकान : आपले अनुभव लिहा

ज्येष्ठमधाच्या मुळाचा अर्क आटवून केलेल्या काळ्या मिठाईला लिकरिस म्हणतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र केवळ गोळ्या, टॉफी आणि तत्सम मिठायांना वाहिलेल्या दुकानात शिरल्यावर या एकाच पदार्थाच्या बरण्यांनी भरलेली भिंत दिसते, तेव्हा नेमके काय निवडावे हे कळत नाही. असा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांनी येथे सविस्तर लिहावे. काय आवडले याबरोबरच काय आवडले नाही आणि का, हेही लिहिल्यास पहिल्यांदा जाणाऱ्याला अधिक उपयोग होईल.

*

माझी सुरुवात नेदरलँड्सच्या कप्प्यापासून झाली. तेथे या मिठाईला ‘ड्रॉप’ म्हणतात आणि तिचे गोड, खारट व दुप्पट खारट असे सरळ वर्ग पाडलेले असतात. खारटपणा मिठाचा असेल अशा समजुतीने मी दुप्पट खारट गोळी तोंडात टाकणार, तोच विक्रेत्या बाईंनी मला थांबवले आणि त्यात अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला नवसागर म्हणतो तो क्षार असतो, असे सांगितले. भांड्यांना कल्हई करताना वापरतात तोच हा नवसागर, फक्त खाण्यायोग्य शुद्धतेचा. त्यांच्या सांगण्यावरून मी आधी मधाची गोड गोळी, मग साधी खारट आणि शेवटी दुप्पट खारट अशा क्रमाने चव घेतली. शेवटच्या गोळीने जिभेला झिणझिण्या आल्या, नाकात उग्र वाफ चढल्यासारखे झाले आणि तो भर ओसरल्यावर मागून ज्येष्ठमधाचा गोडवा सावकाश वर आला. त्या उलगडत जाणाऱ्या चवीसाठी मी ती गोळी पुन्हा घेईन, परंतु कोणाला भेट म्हणून देण्याचे धाडस करणार नाही.

*

वरील अनुभवातील ‘मागून आलेल्या’ गोडव्याचे कारण ग्लायसिरायझिन हे द्रव्य आहे. ते साखरेच्या सुमारे ३० ते ५० पट गोड असते, पण त्याची गोडी जिभेला उशिरा जाणवते आणि बराच वेळ टिकते. म्हणूनच लिकरिस चाखल्यावर लगेच दुसरी नाजूक चवीची मिठाई खाऊ नये. मी मार्झिपान, म्हणजे बदाम आणि साखरेच्या लगद्याची मिठाई, खाल्ले आणि बदामाची चव जवळजवळ लागलीच नाही. मार्झिपानची ही उपेक्षा मला अजून खटकते, कारण ते जर्मनीतील ल्यूबेक शहराच्या नावाचे होते आणि त्या नावाने विकायचे असेल, तर त्यात बदामाच्या मूळ लगद्याचे प्रमाण किमान ७० टक्के असावे लागते.

*

चवीइतकेच पोताकडेही लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. मऊ, पिळाच्या कांड्यांमध्ये गव्हाचे पीठ आणि मळी असते. त्यामुळे त्या दाताखाली सहज तुटतात, परंतु ज्यांना गहू चालत नाही त्यांच्या त्या कामाच्या नाहीत. टणक डच गोळ्यांना बाभळीच्या कुळातील झाडांच्या डिंकाने घट्टपणा येतो. त्या चावायच्या नसतात, चघळायच्या असतात. रबरासारख्या लवचीक प्रकारांत बहुधा जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून मिळते, म्हणून आम्ही शाकाहारी मंडळी बरणीमागची घटकांची यादी वाचूनच हात पुढे करतो. सुट्या मालाला यादी नसेल तर विचारावे. माहीतगार विक्रेता असा प्रश्न विचारल्याबद्दल कधीच रागावत नाही.

*

मला हा प्रकार आवडला नाही. मात्र माझा आक्षेप ज्येष्ठमधावर नसून त्यात सर्रास घातल्या जाणाऱ्या ॲनिस या बडीशेपेसारख्या बियांच्या तेलाच्या वासावर आहे, हे दुकानातच समजले. ज्यांना लिकरिस मुळीच सोसत नाही, अशांपैकी अनेकांचे असेच असावे. लाल रंगाच्या ‘लिकरिस’ कांड्या मला आवडल्या खऱ्या, पण त्यांपैकी बहुतेकांत ज्येष्ठमध नसतेच.

*

ॲनिसचा त्रास होणाऱ्यांनी इटलीतील कालाब्रिया प्रांताचे शुद्ध लिकरिस मागावे. रोसानो येथील अमारेल्ली घराण्याचा हा व्यवसाय १७३१ पासून चालत आला आहे. छोट्या पत्र्याच्या डबीत मिळणारे हे चमकदार काळे तुकडे म्हणजे मुळांचा रस आटवून घट्ट केलेला अर्कच. वरून साखर घातलेली नसते. पहिल्या क्षणी ते कडवट लागतात आणि मिठाईपेक्षा औषधाच्या जवळचे वाटतात. इंग्लंडमधील पाँटिफ्रॅक्ट गावच्या, शिक्का उमटवलेल्या चपट्या वड्यांचाही प्रवास औषधाकडून मिठाईकडे झाला. १७६० मध्ये जॉर्ज डनहिल या औषधविक्रेत्याने त्यात साखर मिसळली, असे सांगितले जाते. मला विचाराल तर साखर नसलेला कालाब्रियाचा तुकडाच सर्वांत प्रामाणिक.

*

उत्साहावर पाणी टाकण्याचा हेतू नाही, परंतु माझा रक्तदाब वाढलेला असल्याने मी विकत घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले आणि त्यांनी खऱ्या लिकरिसला मनाई केली. ग्लायसिरायझिनमुळे शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीने रोज सुमारे ५७ ग्रॅम काळे लिकरिस किमान दोन आठवडे खाल्ल्यास हृदयाची लय बिघडू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे. ग्लायसिरायझिनचे प्रमाण अधिक असेल, तर युरोपीय संघात वेष्टनावर रक्तदाबाच्या रुग्णांसाठी सूचना छापावी लागते. सुट्या बरणीतून घेताना ती सूचना आपल्या नजरेस पडेलच असे नाही.

*

चॉकलेटचे आवरण असलेल्या डॅनिश गोळ्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. योहान ब्यूलो यांनी २००७ मध्ये बोर्नहोम बेटावर सुरू केलेल्या व्यवसायाने हा प्रकार बराच लोकप्रिय केला. आत मऊ लिकरिस, त्यावर चॉकलेट आणि वर रासबेरीची आंबट भुकटी अशी एक गोळी मी चाखली. चॉकलेटच्या स्निग्धतेमुळे लिकरिसचा उग्रपणा मवाळ होतो आणि आंबटपणामुळे गोडी अंगावर येत नाही. नवख्याने आधी हीच घ्यावी, असे माझे मत आहे, मग कट्टर मंडळी काहीही म्हणोत. फिनलंडची साल्मियाक्की, म्हणजे तिथली नवसागराची खारट लिकरिस, मात्र मी घेतली नाही. ती डच दुप्पट खारट गोळीपेक्षा तीव्र लागते का, हे दोन्ही चाखलेल्या कोणी लिहावे.