मदत हवी आहे: बंधाऱ्यात काळं पाणी येतं, नमुना घ्यायला येतात तेव्हा ते पुढं गेलेलं असतं

नमस्कार मंडळी,

मी शिरोळ तालुक्यातल्या पंचगंगाकाठच्या एका गावची. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत निवडून आले. पाणीपुरवठ्याचं काम माझ्याकडं आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या कार्यालयांशी आमचा पत्रव्यवहार चालू आहे त्यांच्याशी भांडण वाढवायचं नाही, काम करून घ्यायचं आहे.

दरवर्षी काय होतं ते आधी सांगते. फेब्रुवारीनंतर नदीची धार बारीक होते. बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी तुंबलेलं, वर केंदाळ (जलपर्णी). कोल्हापूरपासून इचलकरंजीपर्यंतचं आणि मधल्या गावांचं जे सांडपाणी प्रक्रियेविना सुटतं, ते या साचलेल्या पाण्यात येऊन बसतं. मग वरच्या बंधाऱ्याचे बरगे निघतात किंवा धरणातून आवर्तन सुटतं, आणि तो सगळा साठा एका दमात खाली येतो. पहाटेच वास येतो. पाणी आधी शेवाळी दिसतं, मग चहाच्या रंगाचं, मग काळं. मासे तोंड वर काढून धडपडतात आणि दुपारपर्यंत काठाला खच पडतो. म्हशी पाण्यात उतरतात, पण तोंड लावत नाहीत. हे मी स्वतः चार उन्हाळे बघितलंय.

यंदा एप्रिलमध्ये असंच झालं. सकाळी ८ वाजता संबंधित कार्यालयात फोन केला, पाठोपाठ लेखी तक्रार दिली, फोटो पाठवले. नमुना घ्यायला माणूस आला तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी ५ वाजता. तोवर वरून आणखी पाणी सुटलेलं, मासे वाहून गेलेले. बंधाऱ्याच्या काठावरून एक बाटली भरली आणि गेले. महिन्यानं पत्र आलं की नमुन्यातली मानकं मर्यादेत आढळली. ते पत्र ग्रामसभेत वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली. वाचताना आवाज फुटत नव्हता.

आमची जॅकवेल, म्हणजे गावाला पाणी उपसायची विहीर, याच पात्रात आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती. ते आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. त्या शहराला वारणेचं पाणी द्यायचं ठरलं तर वारणाकाठानं विरोध केला, दूधगंगेतून सुळकूडची योजना आली तर कागलकरांनी. त्यांचीही बाजू मला कळते. पण आपल्या नदीचं पाणी प्यायचं नाही म्हणून दुसऱ्याची नदी मागायची, यात पंचगंगा कुठंच राहिली नाही. आणि आम्ही खालची गावं कुणाची नदी मागणार? हेच पाणी पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं, आणि तिथं घाटावर लोक स्नान करून दत्ताच्या पादुकांचं दर्शन घेतात.

माझं विचारणं असं आहे. काळं पाणी आलं त्याच तासाला आम्ही गावकऱ्यांनी काय केलं तर तो पुरावा पुढं टिकेल? खाजगी प्रयोगशाळेत आम्ही नेलेला नमुना चालतो का? एवढीशी ग्रामपंचायत वरच्या शहराच्या पालिकेला कायद्यानं काही विचारू शकते, की आम्ही फक्त निवेदनं द्यायची? पाच वर्षांची निवेदनांची फाईल माझ्याकडं आहे. ती चांगली जाड झाली आहे.

कुणी अशा कामातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.
– नदीकाठची

प्रतिसाद: प्रयोगशाळावाले काका

ताई, मी ३० वर्षं सांडपाण्याच्या तपासणीत काढली. तुमच्या लिहिण्यातली ‘संध्याकाळी ५ वाजता’ ही एकच गोष्ट मला पुरेशी आहे. पाण्यात शेवाळ असलं की दिवसभर उन्हात ते प्राणवायू सोडतं आणि रात्रभर खातं. म्हणून विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो आणि दुपारनंतर सगळ्यात जास्त. मासे पहाटे मरतात ते यामुळंच. तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचा नमुना त्या पहाटेबद्दल काहीच सांगत नाही. हे वाक्य तुमच्या पुढच्या तक्रारीत जसंच्या तसं घाला.

प्राणवायू जागेवरच पकडावा लागतो. काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि तिथंच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइडचं द्रावण घालायचं. खाली तपकिरी गाळ बसला तर प्राणवायू आहे. पांढरा बसला तर जवळजवळ नाही. हे पंचांच्या डोळ्यांदेखत दिसतं, त्याचा फोटो निघतो. मात्र ही द्रावणं हाताळायला धोक्याची आहेत. जवळच्या सायन्स कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागातला माणूस सोबत घ्या, तुम्ही स्वतः करू नका.

बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्या मापाचा) नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. आपल्याकडं ती चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते. बाटली उन्हात गाडीत फिरली तर आकडा कामाचा नाही. स्नानाच्या पाण्याचं मानक लक्षात ठेवा: प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी. पत्रात ‘मर्यादेत’ लिहिलंय, तर कुठल्या मानकाच्या मर्यादेत, हे लेखी विचारा. सांडपाणी सोडण्याची मर्यादा वेगळी आणि नदीच्या पाण्याची वेगळी. या दोन्हींची सरमिसळ मी फार वेळा बघितली आहे.

प्रतिसाद: पुण्याची वकील

काकांनी शास्त्र सांगितलं, मी कायद्याचं सांगते. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात कलम २१ आहे. कारखान्याच्या किंवा नाल्याच्या तोंडाशी घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा तर तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं त्या कलमाच्या पद्धतीनंच घ्यावा लागतो: आधी नोटीस, नमुन्याचे भाग, सील, सह्या. त्यामुळं तुमची खाजगी तपासणी खटल्यात त्याची जागा घेऊ शकत नाही. पण म्हणून ती फुकट जात नाही. अधिकाऱ्याला हलवायला आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढं (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठापुढं) प्रथमदर्शनी चित्र मांडायला ती उपयोगी पडते.

दुसरं, कलम २५(६). मंडळानं दिलेल्या संमतीपत्रांतल्या अटींची नोंदवही असते आणि त्या सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या कुणालाही ती पाहायचा हक्क आहे. माहिती अधिकारात न जाताही. वरच्या शहरांच्या आणि सामायिक प्रक्रिया केंद्राच्या (अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या) अटी काय आहेत, हे आधी वाचून या.

तिसरं, माहिती अधिकारात ‘प्रदूषण रोखायला काय केलं’ असं विचारू नका, दोन ओळींचं उत्तर येईल. नाल्यावरच्या उपसा केंद्रांची मार्च ते मे या काळातली लॉगबुकं मागा. कुठला पंप किती तास चालला, वीज किती वेळ गेली. कोल्हापुरात कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचं केंद्र आहे. पण केंद्र कितीही मोठं असलं तरी नाल्याचं पाणी उचलून तिथवर नेलं नाही तर ते नदीतच जाणार. म्हणून क्षमतेच्या आकड्याबरोबर पंपाचे तास बघा.

आणि हो, ग्रामपंचायत स्वतः अर्जदार होऊ शकते. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १८ मध्ये स्थानिक प्राधिकरणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. कलम १४ खाली जायचं तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती चुकवू नका. ग्रामसभेचा ठराव लवकर करा.

प्रतिसाद: यंत्रमागवाला

मी इचलकरंजीकडचा, कापडाच्या धंद्यातला. ताई, राग मानू नका. रंगीत पाणी दिसलं की सगळे कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांकडं बोट दाखवतात. आमच्यातले काही जण चुकतात, रात्री गटारीत सोडणारे आहेत, ते मी नाकारणार नाही. पण जे सामायिक केंद्राला जोडलेत आणि पैसे भरतात त्यांच्यावरही तोच शिक्का बसतो. घराघरांतून येणारं मैलापाणी रंगीत नसतं म्हणून नजरेत येत नाही, पण प्राणवायू तेही खातंच. आणि विचारतो म्हणून विचारतो, तुमच्या गावची गटार कुठं जाते?

नदीकाठची

तिघांचे मनापासून आभार.

यंत्रमागवाले दादा, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. आमची गटार घाटाच्या खालच्या अंगाला नदीतच जाते. जॅकवेलच्या खाली, म्हणून आम्हाला तिचा त्रास नाही, पण आमच्याही खाली गाव आहे. काल मासिक सभेत हा विषय मीच घेतला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच खर्चायचा होता, आणि आम्ही त्यातून गटारी बांधल्या. म्हणजे नदीपर्यंतची वाट पक्की करून दिली. आता गावठाणातल्या वरच्या आळीला शोषखड्डे आणि गायरानाच्या कडेला स्थिरीकरण तळं (सांडपाणी साठवून निवळू द्यायचं तळं), एवढा प्रस्ताव करतोय. जागेवरून वाद होणार आहे.

काका, सायन्स कॉलेजातल्या एका मॅडमशी बोलणं झालं, त्या पहाटे यायला तयार आहेत. बर्फाची पेटी दूध संकलन केंद्रातून मिळेल. बंधाऱ्यावर जाणाऱ्या तीन मच्छीमार भावांना सांगून ठेवलंय, मासे वर आले की पहिला फोन मला.

वकील ताई, ठरावाचा मसुदा लिहायला घेतलाय. एकच अडलंय. आमचं मासे मेलेलं एप्रिलमधलं आहे आणि ‘मर्यादेत’चं पत्र मेअखेरीचं. सहा महिने कुठून मोजायचे? आणि असं दरवर्षी होतंय, तर पहिल्यांदा म्हणजे कुठलं वर्ष धरतील? पंपांच्या लॉगबुकांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतेय, पण ते कागद येईपर्यंत थांबलं तर मुदत जाईल अशी भीती वाटते.