प्रतिसाद: हार्डरॉकसाठी रोड मॅरेथॉनचा बेस पुरेल का?

वर विचारलंय की रोड मॅरेथॉनच्या बेसवर (म्हणजे रस्त्यावर पळून केलेल्या तयारीवर) अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात होणारी हार्डरॉक १०० ही लांब पल्ल्याची शर्यत जमेल का, तर माझ्या मते नुसत्या त्यावर अजिबात नाही. साधारण १६० किमी, १०,००० मीटरच्या आसपास चढ, आणि सिल्व्हरटनला सुरू होऊन तिथेच संपते म्हणजे तेवढाच उतार, हे लोक विसरतातच! चढताना दम लागतो पण पाय खरे संपतात ते उतारावर, कारण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि मग शेवटच्या टप्प्यात धड चालता पण येत नाही. त्यामुळे पुण्यात असाल तर सिंहगड फक्त चढू नका, पळत उतरायची प्रॅक्टिस करा, थकलेल्या पायांनी करा, रात्री हेडलॅम्प लावून पण करा.

उंचीचा प्रश्न मात्र सह्याद्रीत सुटत नाही. सिल्व्हरटनच २,८०० मीटरच्या वर, वाटेतलं हँडीज पीक शिखर ४,२८२ मीटर, तिथे जेवण पोटात टिकणं हीच मोठी लढाई असते. जमलं तर आधी जाऊन रहा. आणि जुलैतल्या दुपारच्या विजा, प्लीज हलक्यात घेऊ नका, वेळेची लिमिट ४८ तास आहे, म्हणजे थांबायला वेळ असतो, त्यामुळे गडगडाट ऐकू आला तर खिंडीच्या खाली थांबायचं.