ए३२० काढून कोणता मदरबोर्ड घ्यावा? बजेट पंचवीस हजार (उदगीर)

पत्र्याखालचा_गेमर (उदगीर)

रामराम मंडळी.

सोयाबीनची पट्टी आली. आण्णांनी त्यातले पंचवीस हजार माझ्या हातावर ठेवले अन् वर दम दिला, "एकदाच काय ते घे, दिवाळीला परत तोंड उघडायचं नाही." म्हणून घ्यायच्या आधी विचारतोय.

आत्ताचं मशीन असं : रायझन ५ २६०० सीपीयू (एएमडीचा), ए३२० चिपसेटचा दोन रॅम स्लॉटवाला मदरबोर्ड, ८+८ जीबी डीडीआर४ (पॅकेटवर ३२०० लिहिलंय), ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) मावसभावाकडून घेतलंय, ते नवंच म्हणा. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये स्मोक पडला, चार जण एकदम समोर आले, की गेम अडकतो. मोठ्या मॅपच्या गेममध्ये गाडी पळवली की झटके.

लातूरचा दुकानदार म्हणायलाय, "बोर्डच जुना झालाय, इंटेलचा एच६१० बोर्ड अन् आय५ १२४००एफ सीपीयू टाका, गेम पळतील." वर्गमित्र हैदराबादला असतो, तो म्हणतो एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) सोडून कशालाच हात लावू नको. माझं मन बी५५० वर आहे, तो आत्ताच्याच एएम४ सॉकेटचा बोर्ड.

दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. खोलीवर पत्रा आहे, मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. अन् इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

फ्रेम_मोजणारा (मूळ बीड, सध्या पुणे)

एएम५ चा बी६५० बोर्ड आणि रायझन ५ ७६०० सीपीयू. विषय संपला. एएम४ मध्ये आता पैसे घालणं म्हणजे निघालेल्या एसटीमागं पळणं.

वायरमन (परभणी)

फ्रेमभाऊ, विषय इतक्यात संपत नाही. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. म्हणजे पोराची १६ जीबी रॅम आजपासून कपाटात. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे भडकले ते तुम्हीही बघितलंय. पंचविसात बोर्ड, सीपीयू अन् रॅम तिन्ही बसवून दाखवा, मी तुमच्या नावानं पेढे वाटतो.

गेमर, तू आधी एक काम कर. गेम चालू असताना जीपीयूचा वापर किती टक्के दिसतो ते बघ. आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरनं स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे येतात. कार्ड ९५ च्या वर असेल तर बोर्ड, सीपीयू काही बदललं तरी फरक पडणार नाही. अन् बायोसमध्ये (बोर्डातलं स्वतःचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापलेल्या वेगानं चालवायचं सेटिंग, चालू आहे का? ते बंद असेल तर तुझी ३२०० ची रॅम २४०० नाहीतर २६६६ वर चालत असेल.

पत्र्याखालचा_गेमर

बघितलं दादा. झटके येतात तेव्हा जीपीयू ५५-६० टक्के, सीपीयू ९० च्या आसपास. एक्सएमपी बंदच होतं. चालू केल्यावर जरा बरं वाटायलंय, पण स्मोकमध्ये अडकतंच.

वायरमन (परभणी)

मग अडचण सीपीयूची आहे, बोर्डाची नाही. बोर्ड बदलून फ्रेम वाढत नाहीत. बोर्डावर कोणता सीपीयू बसतो, त्याला वीज किती नीट मिळते अन् पुढं काय लावता येईल, एवढंच ठरतं. दुकानदाराला एक सीपीयू विकण्यापेक्षा बोर्डासकट विकणं परवडतं, त्यात त्याचा दोष नाही, तो धंदा करतोय.

आता त्याचा एच६१० घे. १२४००एफ चांगलाच आहे, सहा कोअर, बारा थ्रेड. पण गेममध्ये तो रायझन ५ ५६०० च्या बरोबरीनंच चालतो. अन् हा ५६०० तुझ्या आहे त्याच सॉकेटात बसतो. बोर्डाचे पैसे कशाला? शिवाय त्याच्या एलजीए१७०० सॉकेटवर इंटेलची चौदावी पिढी शेवटची. म्हणजे तोही रस्ता बंदच, फक्त नवीन डांबर टाकलेला.

ए३२० वर रायझन ५००० सिरीज (५६०० त्यातलाच) चालत नाही असं कोणी म्हणालं तर ते जुनं झालं. एएमडीनं सुरुवातीला अडवलं होतं, २०२२ मध्ये ३०० सिरीजच्या बोर्डांनाही (ए३२० त्यातलाच) परवानगी दिली. तरी प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव अन् रिव्हिजन वाच (बॉक्सवरचं नको), कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी उघड अन् ५६०० पुढं कोणता बायोस लिहिलाय ते बघ. काही बोर्डांवर आधी मधला एक बायोस टाकावा लागतो, मगच शेवटचा. खालची बारीक अक्षरं सोडू नको.

घेताना नाव नीट बघ. ५६००, ५५००, ५६००जी, ५६००जीटी ही चुलत भावंडं आहेत. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे (सीपीयूच्या आतलीच झटपट मेमरी) आहे, बाकी तिघांत १६. गेमला ती कॅशेच लागते. दुकानात "एकच आहे हो" म्हणून ५५०० हातात ठेवतात.

फ्रेम_मोजणारा

पण त्याचं कार्ड आरएक्स ६६०० आहे, आठच लेनचं (लेन म्हणजे बोर्डाशी डेटा नेणाऱ्या वाटा). ए३२० म्हणजे पीसीआयई ३, त्या वाटांची जुनी, हळू पिढी. बी५५० वर ४ मिळेल.

वायरमन (परभणी)

बरोबर मुद्दा. ६५०० एक्सटी असतं, चार लेनचं अन् चारच जीबी मेमरीचं, तर मी स्वतः बी५५० घ्यायला लावला असता. आठ लेन अन् आठ जीबीवर १०८०पी ला फरक थोडाच पडतो. अन् बी४५० घेऊन तर काहीच मिळत नाही, तोही पीसीआयई ३ च.

मला खरी काळजी पत्र्याची आहे. व्हीआरएम म्हणजे सॉकेटच्या बाजूचे ते काळे चौकोनी तुकडे, एसएमपीएसचे १२ व्होल्ट उतरवून सीपीयूला देतात. ए३२० वर बहुतेक वेळा ते उघडेच असतात, हीटसिंक नाही. व्हिडिओत जे "व्हीआरएम ७० डिग्री" दाखवतात ते एसीच्या खोलीत, पंचवीस डिग्रीला. तुझ्या खोलीत ४२ असेल तर सरळ सतरा त्यात मिळव. ५६०० हा ६५ वॅटचा आहे, तेवढं तो बोर्ड सोसतो. पण त्याच्यावर १०५ वॅटचा ५८००एक्स किंवा ५८००एक्स३डी लावायचा विचार मनात आणू नको. तसं करायचं असेल तर हीटसिंकवाला बी५५० घे, तेव्हा त्या बोर्डाला अर्थ आहे.

अन् लाइट. इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं एक बटण असतं, बऱ्याच कंपन्या त्यावर "यूपीएस" अन् "इको" असं लिहितात. इकोवर असेल तर बॅटरीवर जाताना जास्त वेळ लागतो अन् कॉम्प्युटर बंद पडतो. यूपीएसवर टाकून बघ. तरी पडला तर छोटा यूपीएस वेगळा घे, पण आधी दुकानात तुझ्या एसएमपीएसवर चालवून बघ. काही अॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर कटकट करतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

पत्र्याखालचा_गेमर

येतात! अनवाणी असलो की जास्त. मला वाटलं कॅबिनेटच तसलं आहे.

वायरमन (परभणी)

अर्थिंग नाही तुझ्याकडं. एसएमपीएसच्या आत फेज-न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले बारके कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असलं की तो करंट जमिनीत जातो, नसलं की बॉडीवर थांबतो. आपल्याकडं उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाच कोरडा पडतो. मीठ-कोळसा घातलेला असला तरी ओल नाही तर उपयोग नाही. मार्चपासून अधूनमधून त्यात घागरभर पाणी ओत, अन् एकदा वायरमन बोलावून टेस्ट कर. बोर्ड हातात घेशील त्याच्या आधी हे.

हैदराबाद_रिटर्न (नांदेड)

वर्गमित्र हैदराबादला आहे म्हणालास म्हणून सांगतो. सिकंदराबादला पार्कलेनवर चेनॉय ट्रेड सेंटर आहे, तिथं चार दुकानं फिरून भाव काढायला सांग. पण बिल तुझ्या नावावर, जीएसटी नंबरासकट, अन् सिरियल नंबर बिलावर लिहून घे. बिलाशिवाय वॉरंटीला कोणी दारात उभं करत नाही.

तिथं कोणी "झिऑन सीपीयूसकट एक्स९९ बोर्ड, एकदम स्वस्त" दाखवेल. कोअर भरपूर दिसतात, भुलायचं नाही. जुन्या सर्व्हरचे सीपीयू अन् नाव नसलेले बोर्ड असतात ते, गेममध्ये एकेका कोअरचा वेग कमी पडतो अन् बायोस अपडेट कोणाकडं मागायचा हेच कळत नाही.

पत्र्याखालचा_गेमर

मग ठरलं, ५६०० च. उरलेल्या पैशात एक टीबी एनव्हीएमई एसएसडी अन् दोन फॅन बसतील असं वाटतंय. बायोस अपडेटची भीती वाटते दादा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड मेला म्हणतात.

वायरमन (परभणी)

म्हणूनच इन्व्हर्टरचं काम आधी. बॅटरी भरलेली असू दे, मेन स्विच मुद्दाम पाडून कॉम्प्युटर चालू राहतो का बघ, मगच अपडेट. सकाळी कर, संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं. अन् अपडेट २६०० बसलेला असतानाच करायचा. तुझ्या बोर्डावर फ्लॅशबॅकचं (सीपीयूशिवाय बायोस टाकायचं) बटण नसणार, ५६०० आधी लावलास तर स्क्रीन काळीच राहील. विंडोज ११ असेल अन् ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) की आधी कागदावर लिहून घे. बायोस बदलला की एफटीपीएम (कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) रीसेट होतो अन् विंडोज ती की मागतं.

सीपीयू काढताना कूलर सरळ वर ओढू नको. एएम४ च्या पिना सीपीयूला असतात, पेस्ट वाळलेली असली की सीपीयू कूलरला चिकटून सॉकेटातून उपटून येतो. आधी वीस मिनिटं गेम खेळ, पेस्ट गरम होऊन मऊ होईल. मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडं हलकेच फिरव अन् मग उचल.

एनव्हीएमई घ्यायच्या आधी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉटचं पान वाच. काही बोर्डांवर त्या स्लॉटात ड्राइव्ह लावली की साटाचे (हार्डडिस्क जोडायचे) एक-दोन पोर्ट बंद होतात. जुनी हार्डडिस्क दिसेना म्हणून मग लोक दुकान गाठतात.

फ्रेम_मोजणारा

चला, पेढे वाचले तुमचे. गेमर, जुना २६०० लगेच विकू नको मात्र. नवीन सीपीयूवर आठ-पंधरा दिवस गेम नीट चालू दे, मग टाक विकायला. गिऱ्हाईक नाही मिळालं तर मला सांग, बीडच्या भाच्याला लागतोच आहे.