आई म्हणते कोंबडी खुडूक आहे, मला वाटतंय आजारी आहे. कोल्हापुरात बसून काय करू?

तांबडीवाली (सोमवार, रात्री ११.५०)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात नर्स आहे, राजारामपुरीत रूम घेऊन राहते. कोंबड्या गावाकडं, गारगोटीच्या पुढं, आई-बाबांजवळ. नऊ कोंबड्या, एक कोंबडा, सगळं गावरान. मला आठवड्यातनं एकच सुट्टी, तीही गुरुवारी.

त्यातली तांबडी शनिवारपासनं गप्प आहे. गोठ्यात गव्हाणीच्या मागं कोपऱ्यात पिसं फुलवून बसते. आई म्हणते, "खुडूक बसलीय, चार दिवसांत उठंल." खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली. आमच्याकडं रेंज फक्त अंगणाबाहेर जांभळाखाली येते. म्हणून काल व्हिडिओ कॉलला आई तिला काखेत मारून तिथवर घेऊन आली, आणि ही बया हूं की चूं नाही. मला तिथंच धस्स झालं. मागच्या वर्षी खरोखर खुडूक होती तेव्हा अंड्याखाली हात घातला म्हणून माझ्या मनगटाचं रक्त काढलंवतं हिनं. तेरा अंड्यांतली अकरा पिल्लं काढली, आणि एकवीस दिवस कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

शेपूट खाली पडलंय, मान आत ओढलीय, डोळे मधूनमधून मिटते. खात नाही, पाणी मात्र सारखं पिते. शिट पातळ, हिरवी-पांढरी. बाकीच्या सगळ्या ठणठणीत. कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस सहा महिन्यांपूर्वी सगळ्यांना टोचलीय. आईनं हळद-तेल चाटवलंय. बाबांचं मत काय असणार ते तुम्हाला सांगायला नको.

माणसाला सलाईन लावताना माझा हात हलत नाही, पण फोनवरनं कोंबडी कशी तपासायची? बाबांना सांगून एसटीनं इकडं मागवून घेऊ का? रूमच्या गॅलरीत ठेवता येईल.

कागलचं_खुराडं (मंगळवार, सकाळी ६.१०)

ताई, आणू नका. मुदाळ तिट्ट्यापर्यंतच दमून जाईल ती. आणि रोग साथीचा निघाला तर अख्ख्या गाडीभर घेऊन फिराल.

खुडूक नाही, हे तुमचं बरोबर आहे. खुडूक कोंबडी खुराड्यात, अंड्यावर नाहीतर अंड्याच्या जागेवर बसते. गव्हाणीच्या मागं बसत नाही. हात नेला की फुगते, कुरकुरते, टोचते. दिवसातनं एकदा का होईना उठते, खाते, एक भली मोठी घाण वासाची शिट टाकते आणि परत जागेवर. जी कुणालाही उचलू देते ती आजारी.

हिरवी शिट बघून लगेच मानमोडी म्हणू नका. दोन-तीन दिवस उपाशी कोंबडीचीसुद्धा पित्तानं हिरवी येते. मानमोडी असती तर एव्हाना दुसरी-तिसरी पण बसली असती, कुणाची मान वाकडी झाली असती, कुणी चोच उघडून श्वास घेत असती. तरी आजच तिला वेगळं करा. डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, बाकीच्यांपासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला. तिचं पाणी वेगळं, आणि आईनं तिच्याकडं सगळ्यात शेवटी जायचं, मग साबणानं हात धुवायचे.

आणि एक. आईला "काय झालंय" असं विचारू नका, त्या खुडूकच म्हणणार. "हाताला काय लागतंय" ते विचारा. उद्या पहाटे, काहीही खायच्या आधी, मानेच्या बुडाशी छातीच्या उजव्या बाजूला जी खाल्लेला दाणा साठायची पिशवी असते ती चाचपायला सांगा. रात्रभरात ती रिकामी झाली पाहिजे. पहाटे पण भरलेली असली तर तिथंच अडलंय. मग शेपटीखाली पोट. अंडं अडकलं असलं तर कडक लागतं, कोंबडी उभ्यानं कुंथते आणि शेपूट खालीवर करते.

मिसळ_कट (मंगळवार, सकाळी ९.३०)

गुरुवारपर्यंत कशाला थांबताय? बाबांचं ऐका. तांबडीचा तांबडा करा 😄

गडहिंग्लजची_वहिनी (मंगळवार, सकाळी ९.४५)

कट साहेब, आजारी कोंबडी खायची पण नाही आणि बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात पण मारायची नाही. तांबड्या रश्श्याला बऱ्या कोंबड्या आहेत की अजून कोल्हापुरात.

तांबडीवाली बाळ, तुझ्या आईला रागानं बोलू नकोस. मी पण चाळीस वर्षं कोंबड्या बघतीय आणि माझी सून पुण्यातनं फोनवर शिकवायला लागली की माझं पण डोकं फिरतं. तिला म्हण, "आई, तुझ्या हाताला कळतं, मला सांग." मग बघ कशी सांगते.

गुरांचा_दवाखाना (मंगळवार, दुपारी २.२०)

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. कागलवाल्यांनी बहुतेक सगळं सांगितलंय. तेलाबद्दल फक्त बोलतो, कारण तेलानं मेलेल्या कोंबड्या मी पुष्कळ बघितल्या.

तुम्ही नर्स आहात, लगेच लक्षात येईल. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडं असतं. सिरिंजनं घशात पिचकारी मारली की तेल थेट फुफ्फुसात. द्यायचंच असलं तर चोचीच्या कडेला एकेक थेंब, तिनं गिळल्यावर पुढचा. पिशवी भरलेली निघाली तर दाणा पूर्ण बंद, नुसतं पाणी. दिवसातनं तीन-चार वेळा बोटांनी हलक्या हातानं चोळायचं. उलटी धरून ओकवायला जाऊ नका, त्यात गुदमरतात. गावात कुणीतरी हमखास सांगणार तसं करायला.

घरात शिल्लक असलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. दोन दिवसांत हललं नाही तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. १९६२ या नंबरवर फोन केला तरी चौकशी होते. एकदम तीन-चार कोंबड्या गेल्या तर मात्र मेलेल्यांना हात लावायचा नाही, आधी दवाखान्यात कळवायचं.

तांबडीवाली (बुधवार, सकाळी ७.०५)

नाईट करून आत्ताच रूमवर आले. आईचा सहाला फोन आला. वहिनींनी सांगितलं तसंच विचारलंवतं. आधी म्हणाली, "आता तू मला कोंबड्या शिकीव." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, गळ्याखाली कणकेचा गोळा हाय. घट्ट. लिंबाएवढा न्हाई, त्याच्यापेक्षा मोठा."

अंडं नाही, पोट मऊ आहे. दाणा बंद केलाय, डालग्याखाली ठेवलीय. चोळतीय म्हणाली.

कागलचं_खुराडं (बुधवार, सकाळी ७.४०)

सापडलं मग. लांब गवत, नाहीतर दोरा. तुमच्याकडं पेंडेची पोती उसवून तिथंच टाकतात का?

तांबडीवाली (रविवार, रात्री १०.१५)

उशीर झाला लिहायला, माफ करा.

गुरुवारी पहिल्या एसटीनं गेले. तोपर्यंत गोळा थोडा मऊ झालेला, पण जागचा हलला नव्हता. तोंडाला आंबूस वास येत होता. मी, आई आणि डालगं, तिघं बाबांच्या गाडीवर. बाबा तोंडानं "एका कोंबडीपायी पेट्रोल" म्हणत होते, पण खड्डा आला की गाडी हळू करत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चाचपलं आणि म्हणाले, उघडावं लागेल. तिथली जागा बधिर केली, पिसं उपटली, जेमतेम बोटाच्या पेराएवढी चीर दिली. मी धरून उभी होते. ऑपरेशन थिएटरला डोळं न मिटणारी मी, तिथं एकदा खिडकीकडं बघितलं.

आत काय निघालं माहितेय? वाळक्या गवताची पेंडी, आणि तिच्यात गुरफटलेला पांढरा दोरा. पेंडेच्या पोत्याच्या शिवणीचा. कागलवाले, तुम्ही ज्योतिषी आहात. सरळ केला तर माझ्या हातापेक्षा लांब. डॉक्टरांनी आधी पिशवीला टाके घातले, मग वरच्या कातड्याला वेगळे. दोन दिवस थोडं थोडं पातळ, नंतर भिजवलेल्या कण्या आणि उकडलेल्या अंड्याचा बलक, असं सांगितलंय. औषध संपल्यावरही ते सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत.

आज आईनं जांभळाखालनं व्हिडिओ केला. तांबडीनं कण्या खाल्ल्या आणि आईच्या बांगडीला टोच मारली. बाबांनी गोठ्यात खिळ्याला एक डबा टांगलाय. पोतं उसवलं की दोरा डब्यात.

आता एकच अडचण आहे. काल आईला वाटलं बरी झाली, म्हणून बाकीच्यांत सोडली, तर दोन तलंगांनी, म्हणजे तरण्या कोंबड्यांनी, जखमेवरच टोचायला सुरुवात केली. आईनं लगेच उचलून परत डालग्याखाली घातली. आठ दिवसांत ओळख विसरतात काय ह्या?

गडहिंग्लजची_वहिनी (रविवार, रात्री १०.४०)

विसरत नाहीत गं, तिची जागा गेली असते. टाके सुकून वर पिसं येईपर्यंत सोडूच नका, लाल दिसलं की टोचणारच. तोवर डालगं रोज अंगणात त्यांच्या मधोमध ठेवायला सांग, त्यांना ती दिसली पाहिजे. मग एका रात्री अंधारात खुराड्यात बसवायची, आणि सकाळी दाणा दोन-तीन ठिकाणी लांब लांब टाकायचा. आईला म्हणावं पहिले दोन दिवस तिथंच निवडण-टिपण घेऊन बस.

मिसळ_कट (रविवार, रात्री ११.०२)

त्या दोन तलंगांचा तांबडा करा. आता तरी चालेल ना वहिनी?