फूगुईसारखं जगत राहिलेलं माणूस तुम्ही पाहिलंय का?

यू हुआ यांची 'टू लिव्ह' ही चिनी कादंबरी वाचून झाली. पुस्तक १९९३ चं, मायकल बेरी यांचा इंग्रजी अनुवाद २००३ चा. जमीनदाराचा उडाणटप्पू पोरगा फूगुई घर आणि जमीन जुगारात हरतो. पुढे यादवी युद्ध, कम्यून, उपासमार, सांस्कृतिक क्रांती. घरातली माणसं एकेक करून जातात, नातूसुद्धा. उरतो म्हातारा आणि त्याचा म्हातारा बैल. बैलाचं नावही फूगुईच. नांगरताना हा मेलेल्यांची नावं घेऊन हाका मारतो, का तर बैलाला वाटावं आपल्यासोबत आणखी बैल राबतायत. तिथे मी पुस्तक मिटून बसले होते.

सगळं गेल्यावरही जगत राहिलेलं असं कुणी तुमच्या घरात, गावात असेल तर लिहा. कादंबरी वाचलेली नसली तरी चालेल.

बीडहून
आमची आजी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्याच साली आजोबा गेले, मागोमाग धाकटी आत्या. आजी मरणाचं कधी सांगायची नाही. सांगायची ते मिलोच्या, म्हणजे तेव्हा मिळणाऱ्या लाल ज्वारीच्या, लालसर भाकरीचं आणि दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं. सुकडी पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची, कामावर खायची नाही. फूगुईची बायको माहेरून चिमूटभर तांदूळ छातीशी लपवून आणते आणि चुलीचा धूर दिसल्यावर गावातले लोक दाराशी येतात, ते वाचताना मला आजीची ती गाठ दिसली. ती सोडताना तिचा हात थरथरायचा म्हणे. हे आईनं सांगितलं, आजीनं नाही.

मिरजहून
मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. फूगुईच्या मुलाचं, यौछिंगचं प्रकरण मला एका दमात वाचता आलं नाही. बूट झिजू नयेत म्हणून ते हातात घेऊन शाळेत अनवाणी पळणारं पोर. अधिकाऱ्याच्या बायकोला रक्त हवं म्हणून त्याचं घेतात, आणि घेतच राहतात. ओठ पांढरे पडले तरी सुई निघत नाही. आमच्याकडे १८ च्या आतलं वय किंवा ४५ किलोच्या आतलं वजन असेल तर दात्याला परत पाठवतो, घेतो तेही एका वेळी ३५० किंवा ४५० मिली. कॉलेजच्या शिबिरात बारकी पोरं 'घ्या ना मॅडम' म्हणून मागे लागतात, हिरमुसतात. आता त्यांना परत पाठवताना मी पहिल्यापेक्षा जास्त ठाम असते.

पुण्याहून
चांग यिमौ यांचा १९९४ चा सिनेमा पाहून कादंबरीकडे वळणाऱ्यांनो, जपून. सिनेमात जावई आणि नातू जिवंत राहतात, कादंबरीत नाही.

नागपूरहून
मला शेवटाकडे पटली नाही. जावई सिमेंटच्या फरश्यांत चिरडतो, नातू उकडलेल्या शेंगा खाऊन जातो. एका माणसाच्या वाट्याला इतकं? लेखकानं हात आखडायला हवा होता. पण हा जावई, अर्शी, आवडला. उन्हाळ्यात आधी स्वतः पलंगावर पडून डासांना पोटभर चावू देतो आणि मगच बायकोला, फूगुईच्या मुलीला फंगशियाला, झोपायला बोलावतो. मुक्या बायकोवर असं प्रेम करणारा जावई मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

साताऱ्याजवळच्या गावातून
नागपूरकर, तुमचं म्हणणं समजलं, पण आमचे आप्पा ऐका. चुलत आजोबा. थोरला विहिरीत गेला, धाकटा तापानं, काकू त्यानंतरच्या पावसाळ्यात. पुढं सून माहेरी गेली ती आलीच नाही. नात आप्पांनी वाढवली. तिची वेणी घालायला शेजारच्या वहिनींकडून शिकले. पाराखाली कुणी परका बसला की सगळं पहिल्यापासून सांगायचे, तरुणपणीचं तमाशाचं वेडही. मधेच हसायचे. कुणी 'अरेरे, बिचारे' म्हटलं की काठी उचलून चालायला लागायचे.

फूगुईही गाणी गोळा करत हिंडणाऱ्या अनोळखी माणसाला असंच सगळं सांगतो, आणि त्याच्याकडून काही मागत नाही. म्हणून मला तो खरा वाटला. इतकी मरणं एका घरात होतात हो. आमच्या आळीत झाली. नात आता तालुक्याला शिक्षिका आहे. पुस्तक तिला द्यावं की नाही, हे ठरत नाहीये. कुणी सांगाल का?