जिनिव्हाचं मशीन, औंढ्याचा लेझर आणि किल्लारी : सोलापूरकरांनी घाबरायचं नक्की कशाला?

होटगी रोडवाला
दोन दिवस झाले, सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. ‘जिनिव्हात जमिनीखाली कृष्णविवर बनवणारं मशीन आहे. ते चालू केलं की जगात भूकंप होतात. आता तसंच मशीन औंढा नागनाथला बसवतायत, म्हणून हिंगोलीत धक्के बसले. सोलापूरकरांनो, जागे व्हा.’ खाली हात जोडलेले. चांगली शिकलेली माणसं हे पुढे ढकलतायत, म्हणून लिहायला बसलो.

औंढ्याला होतंय ते लायगो. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत पोकळी आणि लेझर. गुरुत्वीय लहरी, म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या टकरींतून अवकाशात उठणारे बारीक तरंग, मोजायच्या. तिथे जिनिव्हासारखे कण आदळतच नाहीत. 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर झाले, काम अजून चालूच आहे. हिंगोलीचे धक्के 2024 च्या मार्च आणि जुलैतले. जे यंत्र उभंच राहिलं नव्हतं त्याने जमीन हलवली?

जिनिव्हाचा बोगदा 27 किलोमीटरचा, जमिनीखाली साधारण शंभर मीटर. त्यात प्रोटॉन, म्हणजे अणूच्या आतले कण, एकमेकांवर आदळतात. एका टकरीतली ऊर्जा उडत्या डासाएवढी, फक्त ती फार म्हणजे फारच लहान जागेत कोंबलेली. त्याच्या कितीतरी पट ऊर्जेचे वैश्विक किरण, म्हणजे अंतराळातून येणारे कण, पृथ्वीवर आणि चंद्रावर साडेचार अब्ज वर्षं आदळतायत. चंद्र आहे ना जागेवर? संपला विषय.

बाळीवेस
संपला म्हणे. लै घाई बे तुला. 10 सप्टेंबर 2008 ला वाजतगाजत चालू केलं आणि 19 तारखेला काय झालं ते का नाही सांगूलालास? चुंबकांमधला विजेचा एक जोड जळाला, टनावारी हेलियम बोगद्यात फुटून बाहेर आलं, वर्षभर सगळं बंद. आदल्या आठवड्यापर्यंत ‘पूर्ण सुरक्षित’च म्हणत होते की. आणि डासाचं सांगू नको, डासाने डेंग्यू होतो.

होटगी रोडवाला
बोगद्यात तेव्हा कुणी नव्हतं. यंत्र चालू असताना आत माणूस जाऊच शकत नाही. नुकसान झालं ते त्यांच्या चुंबकांचं. यंत्र बिघडणं वेगळं आणि पृथ्वी गिळणं वेगळं.

शेंगा चटणी
2016 मध्ये मुंगसासारखा एक प्राणी त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि अख्खं मशीन बंद पडलं. आपल्याकडे खार चढली की डीपी जातो, तसंच. म्हणजे युरोपातही महावितरण आहे 😄

बाळीवेस
हसा. 1978 मध्ये रशियात अनातोली बुगोर्स्की नावाच्या शास्त्रज्ञाच्या डोक्यातून प्रोटॉनचा झोत आरपार गेला. त्याला विचारा डास कसा असतो ते.

होटगी रोडवाला
जगला तो. पीएचडीही पूर्ण केली. आणि हाच तर माझा मुद्दा आहे! धोका आहे तो तिथे काम करणाऱ्याला. बाळीवेशीतल्या माणसाला काय त्याचं?

आजोळ सास्तूर
मी भौतिकशास्त्र शिकलेलो नाही. पण ‘तज्ज्ञ सांगतात म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य मला चालत नाही. 1992 च्या पावसाळ्यानंतर किल्लारीकडे धक्के बसत होते. आमचे मामा लोक अंगणात झोपायचे. कुणी एक साहेब येऊन सांगून गेले, हा भाग दगडासारखा पक्का आहे, घरात झोपा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास, विसर्जन करून लोक नुकते पडले होते. दगडमातीची दोन-दोन हात रुंद भिंत अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझी आजी आणि दोन मावसभावंडं त्यात. मी तेव्हा सोलापुरात होतो, सिव्हिलच्या दारात जखमींच्या गाड्या बघत होतो. भूकंपाच्या सरकारी नकाशात लातूर-उस्मानाबाद पहिल्या झोनमध्ये होतं. पहिला म्हणजे सगळ्यात निर्धोक. आता सांगा तुमचा चंद्र.

भूगोलाच्या बाई
दादा, तुमच्या घरच्यांबद्दल वाईट वाटलं. पण किल्लारीचा आणि कुठल्याही प्रयोगाचा संबंध नाही.

बाळीवेस
प्रयोगाचा नसेल, माकणीच्या धरणाचा आहे. तेरणेचं पाणी अडवलं आणि भूकंप झाला. कोयनेलाही तेच.

भूगोलाच्या बाई
कोयनेचं मान्य. 11 डिसेंबर 1967, धरण भरायला लागून पाचेक वर्षं झाली होती, आणि पाण्याचा त्यात हात आहे हे जगभर मानलं जातं. माकणीचं तसं नाही. काहींनी तो तर्क मांडला, पण जलाशय उथळ आहे असं म्हणून बाकीच्यांनी खोडला. दोन्ही एका दावणीला बांधू नका.

बाळीवेस
म्हणजे धरणाने भूकंप होतो हे एकदा तरी खरं निघालं की नाही? मग आता कोयनेच्या पट्ट्यात 3 किलोमीटर खोल भोक पाडलंय, तो काय प्रयोग नाही?

भूगोलाच्या बाई
ते भोक भूकंप कसा होतो हे बघायलाच पाडलंय. काहीच करायचं नाही तर मग कळायचं कसं?

अक्कलकोट रोड
प्रयोगाचंच निघालंय तर 2018-19 ला सोलापुरातून विमानं उडवून ढगांत मीठ मारलं, ते कुणाला विचारून? त्यानंतर आमच्याकडे पाऊस पार बिघडलाय. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. उजनी भरलेली असली तरी.

शेंगा चटणी
अहो, त्या प्रयोगात फवारलेल्या भागात पाऊस सुमारे 18 टक्के जास्त पडला असा निष्कर्ष आहे. आणि उजनी भरूनही नळाला पाणी नाही, तर त्यात ढगाचा काय गुन्हा? पाइपलाइनवाल्यांना विचारा.

होटगी रोडवाला
धागा कुठे चाललाय? मला राग मशीनला घाबरण्याचा नाही, घाबरवण्याचा आहे. 2008 मध्ये हिंदी चॅनेलवाल्यांनी दिवसरात्र ‘महाप्रलय’ चालवला. मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीने जीव दिला. वडिलांनी कारण सांगितलं ते त्याच बातम्यांचं. जिनिव्हाच्या मशीनने बोगद्याबाहेरचं कुणी मेल्याचं दाखवा. मेसेज फिरवणाऱ्यांनी हे वाचावं आणि मग हात जोडावेत.

बाळीवेस
त्या पोरीचं माझ्या डोक्यावर टाकू नको. मी मेसेज फिरवला नाही, प्रश्न विचारूलालोय. वैश्विक किरणांतून काही बनलं तर ते सुसाट वेगाने पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. जिनिव्हात दोन्हीकडून समोरासमोर आदळवतात, तिथे बनलेलं इथेच रेंगाळू शकतं. याचं उत्तर दे, चंद्र-चंद्र करू नको.

प्रयोगशाळा सहायक
हा प्रश्न बरोबर आहे, आणि शास्त्रज्ञांनी तो 2008 मध्येच घेतला होता. श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे इंधन संपून आकसलेले तारे, इतके दाट असतात की तिथे वेगवान कृष्णविवरही अडकलंच असतं, आणि ताऱ्याला खाऊन बसलं असतं. असे म्हातारे तारे आकाशात ढिगाने आहेत. हॉकिंगचं म्हणणं खरं असेल तर असलं इवलं कृष्णविवर क्षणात विरतंच, पण हा युक्तिवाद हॉकिंगवर टेकलेलासुद्धा नाही.

बाळीवेस
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता. बरं बाबा, तुमचं जिनिव्हा पास. मोठ्या मनाने सोडून दिलं. पण लातूरला पहिल्या झोनमध्ये घालणाऱ्यांना मी सोडणार नाही.

होटगी रोडवाला
त्यांना मीही सोडा म्हणत नाही. किल्लारीला कुणी खोलवर मोजलंच नव्हतं, इथे मोजून झालंय. एवढाच फरक सांगत होतो.

आजोळ सास्तूर
तो नकाशा बदलायला 2002 उजाडलं. जाऊ दे. बाई, तुम्हाला कळतंय म्हणून विचारतो. पुनर्वसनात मामांना भूकंपरोधक घर मिळालं होतं. मामेभावाने त्यावर विटांचा मजला चढवलाय, परवानगी वगैरे काही नाही. चालेल का?

भूगोलाच्या बाई
खालच्या घराला कॉलम आहेत? कशाची भिंत?

आजोळ सास्तूर
कॉलम नाहीत. सिमेंटच्या ब्लॉकची भिंत, वर पत्रा होता, तो काढला.

भूगोलाच्या बाई
मग वर कुणालाही झोपू देऊ नका, आणि खालीही नको. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पॉलिटेक्निकमधले एक ओळखीचे सर आहेत, त्यांना विचारून सांगते. घराचे फोटो तयार ठेवा, चारही कोपऱ्यांचे.

बाळीवेस
आणि भेगा असतील तर त्यांचेही. पट्टी ठेवून काढा म्हणजे रुंदी कळते.